शनिवारची वही

न्यू मेक्सिको
१४ ऑक्टोबर

प्रिय आयलीआत्या,

न सांगता निघालो, त्याचा राग आधी काढून घे. कॉफी उकळेपर्यंत काय शिव्या द्यायच्या त्या दे, मग पुढं वाच. ट्रक पहाटे सुटणार होता, तू कोंबड्यांकडं गेली होतीस, आणि तुझ्यासमोर उभं राहून 'येतो' म्हणणं मला कधीच जमलं नाही. फोन नदीत पडला तो पडलाच, म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस.

इथं वाळवंट आहे. मोटेलच्या दारात एक तीन पायांचं कुत्रं बसतं आणि फक्त लाल गाड्यांवर भुंकतं. का, ते मी दोन दिवस शोधतोय. असो. या सिनेमात मंगळावरची वस्ती आहे आणि मी दगडांना रंग देतो. आपल्या साल्मीत चित्रित झालेला सिनेमा याच्यापेक्षा चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

आता मुद्दा. तुझ्या वाफेच्या न्हाणीची, सौनाची वही माझ्याकडं आहे.

ओरडू नकोस. झालं असं. त्या सिनेमातली गोष्ट तुला मी सांगितली होती, तू तेव्हा मासे साफ करत होतीस. पुढच्या काळातलं सरकार ठरवतं, की माणसं एकमेकांना भेटतात म्हणूनच सगळ्या भानगडी होतात. म्हणून कोण कोणाला किती वेळा भेटतं याची नोंद ठेवायची. पुलावर नाकं, नाक्यावर जाडजूड रजिस्टर. सामानखात्याची आमची बाई म्हणाली, "आर्व्हो, तीनशे पानं हातानं भर, कॅमेरा जवळ जाणार आहे." वकिलांनी पास केलेली चाळीस खोटी नावं तिनं दिली होती. दुसऱ्याच पानावर मला कंटाळा आला. चाळीस नावांत तीनशे पानं भरतात का? मग सौनाच्या खुंटीवरची तुझी वही आठवली. चाळीस वर्षांचे शनिवार, हजारो सह्या, हवं तेवढं सामान आयतं तयार! नावं उतरवली, पुढं भेटींची संख्या टाकली आणि श्रेण्या दिल्या. दिग्दर्शक म्हणाला, याला म्हणतात खरेपणा. पडद्यावर पूर्ण चार सेकंद आहे. शाळेत माझ्या अक्षराला कुणी चार सेकंद दिले नव्हते.

वही जपून आहे. पाठवतो.

तुझा आर्व्हो


साल्मी, मिनेसोटा
२ नोव्हेंबर

आर्व्हो,

शिव्या दिल्या. कॉफी गार झाली.

वही लवकर पाठव. गेले तीन शनिवार लोक बिलाच्या पाठीमागं सह्या करताहेत. माझ्या बापानं सुरू केलेली वही आहे ती, सामान नव्हे.

तुझ्या सिनेमावाल्यांनी पुलावरचं नाकं काढलंच नाही. तो लाल-पांढरा दांडा, टपरी, दिवे, सगळं त्यांनी काउंटीला भेट दिलं. पाहायला पर्यटक येतील म्हणे. नोव्हेंबरात साल्मीला कोण येणार, अस्वलं? नव्या शेरीफला मात्र ते फार आवडलंय. निवडणुकीत तो सीमा, शिस्त, नदीपलीकडून कोण येतं असलं बरंच बोलला होता. आता बोलायला जागाही मिळाली.

एइनो साल्लोचा नातू डेल तुमच्या सिनेमात पहारेकरी झाला होता ना, तो हॅलोवीनला तेच करडं जाकीट घालून दांड्याशी उभा होता. मुलांना चॉकलेटं वाटली. आपला म्हातारा वाइनो नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून डायलिसिस करून परतत होता. डेलनं टपरीतलं तुझं रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचलं, "वाइनो कोस्केला, तिसरी श्रेणी! बाजूला व्हा!" वाइनोनं हात वर केले. "गोळी घालायची तर लवकर घाल, पोरा, घरी रताळ्याचं सूप गार होतंय." सगळे हसले.

काल वाइनो सौनात वरच्या बाकावर बसून म्हणाला, "आयली, तिसरी म्हणजे सगळ्यात वाईट ना? मी असं काय केलं?" मी म्हटलं, आर्व्होला विचारते. तर सांग.

पुल्ला पाव भाजलाय. वेलदोडे या वेळी जास्त पडले.

आयली


न्यू मेक्सिको
२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

डेलचं वाचून पोट दुखेपर्यंत हसलो! त्याला नायक व्हायचं होतं, पहारेकरीच मिळाला. जाऊ दे, थंडी पडली की जाकीट काढेल. सिनेमाचं जाकीट आहे ते, आत अस्तरच नाही. मीच टाके घातलेत.

वाइनोकाकांना सांग, त्यांनी काही केलं नाही. श्रेणीचा नियम मी एका दुपारी बरिटो खाताना काढला. वहीत पाचपर्यंत सह्या असतील तर पहिली श्रेणी, वीसपर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. सिनेमातलं सरकार भेटणाऱ्यांना घाबरतं, म्हणून जो जास्त भेटतो तो जास्त वाईट. वाइनोकाकांच्या सह्या मी दीड हजारांवर मोजल्या आणि पुढं कंटाळलो. एवढे शनिवार कुणी एका जागी कसं बसतं? माझ्या स्वतःच्या किती आहेत माहितेय? चार. चार! मी पहिल्या श्रेणीचा सज्जन.

डेलचं नाव मी रजिस्टरात घातलंच नाही. तो समोर बसून माझ्या पेन्सिलींना टोक करत होता, बरं दिसलं नसतं.

इथं काल वारा सुटला आणि मंगळावरची अर्धी वस्ती उडून हमरस्त्यावर गेली. एका बाईनं पोलिसांना कळवलं की अवकाशयान पडलंय. तीन पायांचं कुत्रं मेलं. लाल गाडीच होती.

वही पुढच्या आठवड्यात नक्की.

आर्व्हो


साल्मी
१६ डिसेंबर

आर्व्हो,

वही आली नाही. आता पाठवूही नकोस. पुढचं वाच म्हणजे कळेल.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर काउंटीच्या सभेत ठराव झाला. पुलावर रोज पहारा. स्वयंसेवक आहेत, सगळे आपलेच, सगळे तुमच्या सिनेमातले. तीच जाकिटं. आता अस्तर लावलंय, सौनाला येणाऱ्या लेम्पीनं शिवून दिलं, तिला वाटलं मुलं गारठतील. शिवताना तिला ठाऊक नव्हतं की तीही त्या रजिस्टरात आहे. सहाशे अकरा भेटी.

पहिल्या श्रेणीच्या माणसासाठी दांडा लगेच वर जातो. दुसरीला विचारपूस. तिसरीला उतरवून टपरीमागं उभं करतात आणि कुणाला तरी फोन करतात. कुणाला, ते सांगत नाहीत. गेल्या बुधवारी वाइनोला पाऊण तास उभं केलं. उणे एकवीस तापमान होतं. हार्डिंगच्या हॉस्पिटलात पोचला तोवर त्याची डायलिसिसची खुर्ची दुसऱ्याला दिली होती. शुक्रवारपर्यंत थांबावं लागलं. शुक्रवारी त्याचे पाय माझ्या दंडाएवढे सुजले होते. दुसरा पूल साठ मैलांवर आहे. नदी चालत ओलांडावी तर पुलाखाली प्रवाहामुळं बर्फ धरत नाही, हे तू जाणतोस.

मी डेलला म्हटलं, "अरे, हे आमच्या आर्व्होनं बरिटो खाता खाता लिहिलंय."

तो म्हणाला, "आयली, नावं खोटी आहेत का?"

"नाहीत."

"ही माणसं तुझ्याकडं दर शनिवारी जमतात, हे खोटं आहे?"

मी माघारी आले.

तुला एक सांगितलं नव्हतं. माझा आजोबा खाणीत होता. संप झाला तेव्हा कंपनीच्या माणसानं कामगारांच्या लाल हॉलमधली हजेरीची वही उचलून नेली. ज्यांची नावं होती त्यांना पन्नास मैलांत कुठं काम मिळालं नाही. आजोबा जंगल तोडून शेतीला लागला, तीच ही जमीन. त्यानंतर आपले लोक नाव लिहायला भिऊ लागले. पत्रावरसुद्धा पाठवणाऱ्याचं नाव टाकत नसत. हॉलवाले चर्चवाल्यांशी बोलत नव्हते, चर्चवाले कुणाशीच. माझ्या बापानं सौना बांधली आणि दारात खुंटीला वही टांगली. म्हणाला, आत येताना कपडे काढा, पक्ष काढा, जाताना नाव लिहा. पहिल्या वर्षी त्याचं एकट्याचं नाव आहे. बावन्न वेळा. ती जुनी वही माळ्यावर आहे. तुझ्याकडची तिच्या पुढची.

गेल्या शनिवारी चौघे आले. कुणी सही केली नाही.

शेरीफला लिही, की हे तू रचलंस. खाली सही कर.

आयली


न्यू मेक्सिको
१२ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र ख्रिसमसच्या टपालात अडकून उशिरा आलं. त्याच दिवशी शेरीफला लिहिलं. चार पानं. श्रेणीचा नियम, बरिटो, वकिलांची चाळीस नावं, सगळं. सिनेमा कंपनीलाही लिहिलं. ते म्हणाले, चित्रीकरण संपल्यावर दिलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही, आणि पास न केलेली नावं वापरल्याबद्दल मला पुन्हा काम मिळणार नाही. दगड रंगवायचं काम गेलं. जाऊ दे, मंगळाचा मला कंटाळाच आला होता.

शेरीफचं उत्तर टाइप केलेलं आलं. तसंच उतरवतो.

'आपण संकलित केलेली यादी पडताळून पाहिली. एकही नाव, पत्ता वा संबंध चुकीचा आढळला नाही. आपण हे मनोरंजनासाठी केलं असलं तरी नोंदींचं मूल्य कमी होत नाही. आपल्या सहकार्याची नोंद पहिल्या श्रेणीत घेतली आहे. पडताळणी पूर्ण करण्यासाठी मूळ वही सादर करावी.'

आत्या, मी खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. आयुष्यभर थापा मारल्या आणि एकदाच खरं उतरवलं.

मूळ वही माझ्या पिशवीत आहे, मोज्यांमध्ये गुंडाळलेली. इथं मागच्या अंगणात लोखंडी पिंप आहे, लोक त्यात कचरा जाळतात. काल दोनदा तिथवर जाऊन आलो. सांग, जाळू का?

आर्व्हो


साल्मी
२१ जानेवारी

आर्व्हो,

तुझं पाकीट आधी कुणी तरी उघडलेलं होतं. डिंक नवा होता. म्हणून थोडक्यात.

जाळू नकोस. देऊही नकोस.

शुक्रवारी वाइनो पूल ओलांडून गेला. संध्याकाळी परत येऊ दिलं नाही. हार्डिंगमध्ये हॉस्पिटलमागं भाड्याच्या खोलीत आहे. त्याची मांजर माझ्याकडं आणली. ती काही खात नाही. फोनवर तो म्हणाला, "आयली, सौनातली माझी बादली कुणाला देऊ नकोस." मग लाइन गेली. तेव्हापासून लागत नाही.

मी शनिवारी सौना तापवते. धूर दिसतो. तळ्यापलीकडं एक गाडी उभी असते, धूर संपला की जाते. मी एकटी असते. एकट्या माणसाच्या बसण्याला भेट म्हणत नाहीत, त्यामुळं त्यांना काय लिहावं कळत नसेल.

त्यांनी मूळ वही पाहिली तर एक नाव त्यांना सापडेल जे तुझ्या रजिस्टरात नाही. त्या पोराच्या पेन्सिलींची तुला दया आली होती. मलाही येते. आजोबाचं बोट धरून यायचा.

तुला ते सोडतील. तुझ्या बावीस वर्षांच्या ये-जात चार सह्या. मी हे टोचून म्हणत नाही. थोडं टोचूनच म्हणते.

आयली


साल्मी
१७ फेब्रुवारी

प्रिय वाइनोकाका,

मी आर्व्हो, आयलीआत्याचा भाचा. तुमच्या पायांना, तुमच्या खोलीला, तुमच्या मांजरीच्या उपासाला जो कारणीभूत आहे, तोच. माफीचं वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं, तीनदा फाडलं. हे पत्र टपालात टाकत नाही. लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर परगावचा आहे, तो तुमच्या दारात टाकेल.

मी सहा तारखेला आलो. सात बस बदलल्या, शेवटचे अकरा मैल एका बर्फ हटवायचा नांगर लावलेल्या गाडीतून. तो माणूस वाटभर हरणाच्या सॉसेजबद्दल बोलत होता. मी वही पोटाला बांधली होती आणि पोटात सॉसेजसाठी जागा नव्हती. असो.

पुलावर डेल होता. जाड झालाय, किंवा अस्तरानं दिसत असेल.

"आर्व्हो! आमचा लेखक आला रे!" पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला, "मूळ वही आणलीस का? शेरीफसाहेब रोज विचारतात."

"मोटेलात चोरीला गेली."

"सौनाची वही कोण चोरेल?"

"मी चोरली होतीच की."

तो हसला. मग ते रजिस्टर उघडलं. वाइनोकाका, माझं अक्षर, माझे खोटे कॉफीचे डाग, आणि समासात आता दुसऱ्या कुणाच्या तरी लाल खुणा. "पहिली श्रेणी. जा." झडती नाही, काही नाही. जो कधी कुणाकडं नीट बसला नाही तो सरळ आत गेला. टपरीमागं लेम्पी उभी होती, हातात रिकामी औषधाची बाटली. माझ्याकडं पाहिलंही नाही.

आत्यानं मला मिठी वगैरे मारली नाही. "बूट झटक," म्हणाली. वही घेऊन खुंटीला टांगली, जिथं होती तिथंच. मी म्हटलं, "अगं, लपव!" तर म्हणाली, "लपवायची असती तर माझ्या बापानं खुंटी कशाला ठोकली असती?"

शनिवारी, सात तारखेला, आम्ही दोघंच वाफेत बसलो. बाहेर आल्यावर तिनं पेन दिलं. पाचवी सही. पेन गोठलं होतं, काखेत धरून गरम करावं लागलं.

पुढच्या शनिवारी डेल आला. तळ्यापलीकडची गाडी सोडून, गोठलेल्या तळ्यावरून सरळ चालत, जाकीट घालून. दारातच म्हणाला, "आयली, मला आत पाहावं लागेल. साहेबांना वाटतंय वही इथंच आहे."

"आहेच. तुझ्या डाव्या कानाशी टांगलीय. बूट काढ."

"मी ड्यूटीवर आहे."

"वाफेला ड्यूटी कळत नाही. बूट काढ, लाकूड ओलं होतं."

त्यानं काढले! मोठा माणूस, कमरेला पिस्तूल, आणि पायांत भोकाचे मोजे. आत्यानं वही उघडून त्याच्यापुढं धरली. तुम्हाला आठवत असेल, एइनो साल्लोच्या सहीखाली दर वेळी एक छोटी सही असायची, ओळ सोडून खाली घसरणारी. डेल. डेल. डेल. आत्यानं मोजून ठेवल्या होत्या. एकसष्ट.

त्यानं बोट फिरवत पानं उलटली. ओठ हलत होते, तोही मोजत असावा.

"ही पानं मला फाडून दे."

"या वहीतलं पान फाडत नाहीत."

"आयली, तुला कळत नाही. वीसच्या वर..." आणि थांबला. माझ्याकडं वळला. "नियम तुझा आहे ना? बदल की!"

"बदलायला चार पानांचं पत्र लिहिलं होतं, डेल. तुझ्या साहेबांनी मला शाबासकी दिली."

तेव्हा माझ्या मनात आलं ते सांगतो. म्हणावं, उद्या वाइनोकाकांना पूल ओलांडू दे, नाहीतर ही वही मीच साहेबांपुढं ठेवतो. तोंड उघडलंही होतं. आत्यानं माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. आणि त्याला म्हणाली, "आजोबा कुठं बसायचा, आठवतं?"

"खालच्या बाकावर. त्याच्या छातीला वाफ सोसत नव्हती."

"मग बस तिथं. पाणी मी टाकते."

वाइनोकाका, तो बसला. आम्ही तिघं बसलो. वरच्या बाकावर तुमची बादली होती. तापलेल्या दगडांवर पाणी पडून वाफ उठली की डेल डोळे मिटायचा. जाताना त्यानं जाकीट घातलं, पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. बासष्टावी. या वेळी ओळीवर आली. माझी सहावी तिच्याखाली.

दारात म्हणाला, "सोमवारी सकाळी पहारा माझा आहे. वाइनोला निरोप द्या, आठच्या आत यायचं. दांडा वर असेल." हे तुम्हाला कळवायला मी रविवारी ट्रकवाल्याबरोबर पाठवायचं पत्र लिहायलाही घेतलं होतं. बाहेर लाकडं आणायला गेलो तर सौनाच्या खिडकीपर्यंत बर्फात पावलं होती. डेलची नव्हती. डेल तळ्याकडून आला होता, ही रस्त्याकडून होती. खिडकीशी खूप वेळ कुणी उभं असावं, तिथला बर्फ वितळून पुन्हा काचेसारखा गोठला होता. ते पत्र मी शेगडीत घातलं.

सोमवारी आठच्या आधी पुलावर गेलो. सांगायला कोंबड्यांच्या दाण्याचं निमित्त होतं. दांडा खाली होता. डेल नव्हता. त्याचं जाकीट होतं, आत दुसरा माणूस. वयानं माझ्याएवढा, नीट दाढी केलेला, नम्र. आपल्याकडचा नाही. त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याच्या आजोबाचंही नाही, त्याला कोणत्या बाकावर बस म्हणणार?

"डेल कुठं आहे?"

"कोण डेल?" तो म्हणाला, आणि रजिस्टर उघडलं. शेवटच्या पानावर, माझं अक्षर संपतं तिथून खाली, ताज्या शाईत एकच ओळ होती. साल्लो, डेल. तिसरी. त्याची आई, एइनोची सून, म्हणते, शनिवारपासून तो घरीच आला नाही.

मग त्यानं माझं नाव शोधलं. बोट ठेवलं. "आपण पहिल्या श्रेणीत आहात. चार भेटी. बरोबर?"

वाइनोकाका, 'हो' एवढंच म्हणायचं होतं. दांडा वर गेला असता, मी हार्डिंगला येऊन तुमच्या खोलीत बसलो असतो, आणि तिथून पुढं कुठंही, जसा नेहमी जातो. खिशात बसचं अर्धं तिकीट अजून आहे. त्याच्या मागं पूल मोकळा दिसत होता, पार टोकापर्यंत.

"नाही," मी म्हटलं. "सहा."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग चाराचा आकडा खोडून सहा लिहिले, सुबक, माझ्यापेक्षा सुबक. "म्हणजे दुसरी. एका बाजूला उभे राहता का? काही प्रश्न आहेत."

प्रश्न दुपारपर्यंत चालले. दाणे आणता आले नाहीत. कोंबड्यांना काल पुल्ल्याचे तुकडे घातले, आज तेही संपले. तुमची मांजर मात्र काल रात्री थोडं दूध प्यायली, आत्यानं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

पुलाकडं येऊ नका. दांडा वर दिसला तरी येऊ नका. कुणी माझं नाव सांगून बोलावलं तरीही.

तुमची बादली वरच्या बाकावर आहे. आत्या दर शनिवारी ती भरते. या शनिवारी माझी सातवी.

आर्व्हो